हिमप्रदेशांतील पाहुणे

दसऱ्याच्या सुमारास कुरुंदवाडच्या घाटावर एक चिमुकला पाहुणा उतरतो. अंगानें पांढरा, करडा व काळा. शेपटी अखंड खालींवर चाललेली. धुणें आपटणाऱ्या हातासारखी ती हालते, म्हणून लोकांनीं त्यास ‘धोबी’ हें नांव दिलें. नांवें ठेवण्यांत आपले लोक मोठे रसिक!

ह्या पक्ष्याचें वजन जेमतेम 20 ग्रॅम. परंतु त्याचें माहेर पंचगंगेच्या कांठीं नाहीं. त्याच्या जातीचीं घरटीं आइसलंडपासून सैबेरियाच्या ध्रुवाजवळील किनाऱ्यापर्यंत आढळतात, हिमालयाच्या उंच दऱ्यांतहि आढळतात. ध्रुवाकडील उन्हाळा अजबच. सूर्य मध्यरात्रींहि मावळत नाहीं. बर्फ वितळून दलदली होतात आणि त्यांवर डांसांचे ढग उठतात. पिलांना भरविण्यास इतकें खाद्य आणि इतका उजेड दुसरीकडे कोठें मिळणार? पण दोन-तीन महिन्यांत पाणी पुन्हां गोठूं लागतें, कीटक नाहींसे होतात. धोब्यास दक्षिणेकडे हांकलते ती थंडीपेक्षां भूकच.

कृष्णेच्या पात्रांत हिंवाळी येणारा चक्रवाक ह्याहून थोर घराण्यांतला. रात्रीं दोन तीरांवरून विरहाची साद घालणारें जोडपें म्हणून कवींनीं त्यास अमर केलें. विरह कल्पित, संसार मात्र खरा, आणि तो लदाख-तिबेटांतील सरोवरांकांठीं, चार हजार मीटरांहून अधिक उंचीवर, कड्यांच्या कपारींत थाटलेला असतो. उजनीच्या जलाशयावर येणारा पट्टकदंब हंस तर हिमालय ओलांडून येतो. पाठीवर यंत्र बांधून सोडलेल्या अशा एका हंसाची उंची 7,290 मीटर भरली. त्याचें रक्त विरळ हवेंतूनहि प्राणवायु ओढून घेतें. माणूस तेथें चार पावलांत धापा टाकील.

ह्या पाहुण्यांची मागणी फारशी नसते. उथळ पाणी, उघडी रेती, कांहीं किडे, कोंवळें गवत. पण पंचगंगेंत वरच्या शहरांचें सांडपाणी मिसळतें आणि नदीची वाळू बांधकामासाठीं उपसली जाते. धोब्याचें त्यांतूनहि भागतें. माशा त्यास कोठेंहि मिळतात. चक्रवाकाचें तसें नाहीं. दिवसा चौफेर नजर ठेवून विसावण्यास त्यास मोकळें वाळवंटच लागतें. तें नसेल तेथें तो उतरत नाहीं, आणि न उतरलेला पाहुणा कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं.

फाल्गुन सरतां सरतां घाटावरच्या धोब्याचा पांढरा गळा काळा होऊं लागतो. ती परतीची खूण. गुढ्या उभारल्या जातात त्या सुमारास, एके सकाळीं, पायऱ्या ओक्याओक्या दिसतात.