गर्द तांबडा डेलिया
डेलियाचें मूळ घर मेक्सिको. १७८९ सालीं तेथील बीं माद्रिदच्या उद्यानांत पोंचलें व पुढें तो देशोदेशीं गेला. परंतु बियांतून मूळ झाडाचाच रंग उतरेल असा भरंवसा नसतो. गर्द तांबडा रंग निश्चित टिकतो तो कंदांत. तेव्हां श्रोत्यांनीं फुलापेक्षां कंदाची चिंता अधिक वाहावी. बहर भरांत असतांनाच झाडास रंगाची चिठ्ठी बांधावी. पानें वाळल्यावर तांबडा कोणता नि पिवळा कोणता, हें ओळखतां येत नाहीं. पुण्याकडील बागेंत पावसाळ्यापूर्वीं कंद खणून कोरड्या वाळूंत, सावलींत ठेवावे. चिंब मातींत ते कुजतात. पाऊस ओसरल्यावर लावतांना प्रत्येक कंदास देठाजवळचा डोळा आहे ना, हें पाहावें. डोळ्यावांचून पुष्ट कंदहि अंकुरत नाहीं. आणि एकदां गमावलेला रंग बियांच्या पुडींत पुन्हां सांपडेलच असें नाहीं.