काळ्या पट्ट्यानंतरचे शिक्षण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी ज्युडोवर चार शब्द बोलावेत असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. मला भाषणाची सवय नाही. आमच्या विद्येत बोलणे थोडे आणि पडणे फार. तेव्हा काही चुकले-माकले तर गोड मानून घ्या.

चार वर्षांपूर्वी मला काळा पट्टा मिळाला, तेव्हा याच मंडळाने खणा-नारळाने माझी ओटी भरली होती. "आता काय, शिकून झाले!" असे त्या दिवशी पुष्कळजणी म्हणाल्या. खरे सांगते, मलाही तसेच वाटले होते. आज त्या वाटण्याविषयीच सांगणार आहे.

मुलीला ज्युडोच्या वर्गाला सोडायला मी जात असे. दीड तास बाहेर बसून काय करायचे, म्हणून तेहतिसाव्या वर्षी आत गेले. पांढरा, पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी असे पट्टे बदलत काळ्यापर्यंत यायला आठ वर्षे लागली.

ज्युडो मूळची जपानची. जिगोरो कानो नावाच्या शिक्षकाने जुजुत्सु या जुन्या विद्येतले घातक प्रकार मोकळ्या सरावातून वगळले आणि १८८२ साली टोकियोत कोदोकान ही शाळा काढली. काळ्या पट्ट्याच्या पायऱ्यांना तिथे 'दान' म्हणतात. पहिली पायरी 'शोदान'. यातल्या 'शो'चा अर्थ आरंभ. मुळाक्षरे गिरवून झाली, आता वाचायला लाग, एवढाच या पट्ट्याचा अर्थ. आमचे सर हे नेहमी सांगत. ते माझ्या कानांत शिरले, डोक्यात मात्र शिरले नाही.

ज्युडोत आधी पडायला शिकवतात. हनुवटी छातीशी, पाठ गोल, आणि हाताचा तळवा सपाट जमिनीवर आपटायचा. पट्टा मिळाल्यावर मी पडणे सोडून दिले. कमरेवर हात ठेवून चटईच्या कडेला उभी राहायची आणि मुलींना सूचना द्यायची. मुलींना टाकून दाखवी, पण स्वतःला कोणाला टाकू देत नसे. या वयात आता मी कशाला पडू, असे मनाशी म्हणे. आठ महिने असेच गेले.

जानेवारी महिना होता. दहावीतली एक मुलगी मला म्हणाली, "काकू, ओ-गोशी पुन्हा एकदा दाखवा ना." या डावात समोरचीला कमरेवर घेऊन पुढे टाकतात. टाकताना तिची उजवी बाही आपल्या डाव्या हातात घट्ट धरून शेवटी वर ओढायची असते, म्हणजे ती नीट कुशीवर पडते. मी डाव झोकात केला आणि शेवटी बाही सोडून दिली. मोकळा झालेला उजवा हात पोरीने घाबरून खाली टेकला. मनगटाचे हाड मोडले. दहावीची परीक्षा मार्चमध्ये, आणि हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये!

त्या रात्री मला अन्न गेले नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले. तिची आई काही बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते. मी म्हटले, "वहिनी, हिने सांगावे, मी लिहीन." त्या दिवसापासून रोज संध्याकाळी स्वयंपाक आटोपून मी तिच्या वह्या लिहायला जाऊ लागले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. ती भूमितीतला सिद्धान्त सांगे आणि मी चुका करी. ती न रागावता पुन्हा सांगे. शिकवावे कसे, हे त्या पोरीने मला शिकवले. प्लास्टर परीक्षेआधी निघाले. थांबत थांबत का होईना, पेपर तिने स्वतःच्या हाताने लिहिले.

सरांनी मला एक शब्द बोल लावला नाही. "उद्यापासून पहिल्या रांगेत. पडण्याचा सराव," एवढेच म्हणाले. दहा वर्षांच्या पोरांबरोबर मी काळा पट्टा बांधून धपाधप पडू लागले. तिसऱ्याच दिवशी कळले, की समोरच्याने बाही धरली आहे की नाही, हे पडणाराच्या पोटात आधी समजते. मी पडणे सोडले होते, म्हणूनच ते विसरले होते. कानोंचे एक तत्त्व आहे, 'जिता क्योएई'. म्हणजे स्वतःचे आणि दुसऱ्याचे भले बरोबरीने. ते आमच्या वर्गाच्या भिंतीवर लिहिलेले आहे. आठ वर्षे मी ते नुसते वाचत होते.

याच विद्येतल्या केइको फुकुदा यांची हकीकत ऐकण्यासारखी आहे. १९१३ चा जन्म, उंची पाच फुटांच्या आत. कानोंच्या बोलावण्यावरून १९३५ साली त्या कोदोकानच्या स्त्री-विभागात आल्या. लग्न केले तर ज्युडो सोडावा लागेल, म्हणून लग्न केले नाही. १९५३ साली त्यांना पाचवी पायरी मिळाली. बायकांना त्यापुढे जाण्याची मनाई होती! १९ वर्षे त्या तिथेच राहिल्या. पण शिकणे थांबले नाही, शिकवणेही नाही. १९७२ साली नियम मोडला आणि सहावी पायरी मिळाली. पुढे अमेरिकेच्या ज्युडो संघटनेने २०११ साली, वयाच्या ९८ व्या वर्षी, त्यांना दहावी पायरी दिली. २०१३ साली त्या वारल्या. पट्ट्यासाठीच शिकत असत्या तर १९५३ सालीच घरी बसल्या असत्या.

त्या 'जू-नो-काता' फार शिकवीत. यात १५ प्रकार आहेत. समोरचीला पाठीवर उचलतात, पण टाकीत नाहीत. अलगद खाली उतरवतात. पाहायला सोपे, करायला महाकठीण. जूनमध्ये ती मुलगी वर्गात परत आली. पहिले काही आठवडे माझ्या वाटेला येईना. मग सरांनी आम्हा दोघींना हाच काता दिला. पहिल्या दिवशी माझ्या पाठीवर तिचे अंग लाकडासारखे ताठ होते. मीही घाबरले होते. आता ती सैल सोडते. माझी उतरवण्याची रीत मात्र अजून सरांच्या पसंतीस उतरलेली नाही.

आपल्याला हे नवीन नाही. भाकरी येते म्हणून आपण मिरवतो, आणि एखाद्या दिवशी पिठाची विरी गेलेली असते. भाकरी थापताच फाटते. तेव्हा गरम पाणी घेऊन पुन्हा मुळापासून मळावे लागते. पीठ रोज नवे असते, माणूसही.

एक विनंती करून थांबते. पुढच्या महिन्यापासून दर गुरुवारी दुपारी ४ वाजता मंडळाच्या सभागृहात गाद्या घालून पडण्याचा सराव सुरू करावा, असे अध्यक्षीणबाईंशी बोलणे झाले आहे. गुडघे-कंबर दुखत असतील त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. बाकीच्यांनी सलवार-कमीज घालून यावे, आणि लाज घरी ठेवून यावे. सगळ्यांच्या आधी मी पडून दाखवीन.