डिकी हवी की नको?

गाडी घ्यायची ठरली म्हणजे घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, गाडीला मागे डिकी हवी. दुसरा म्हणतो, डिकी कशाला, मागचे अख्खे दार वर उघडणारी सुटसुटीत गाडी बरी. पहिलीला आता कॉम्पॅक्ट सेडान म्हणतात, दुसरीला हॅचबॅक. नावे परकी असली तरी वाद अस्सल घरगुती आहे. आणि घरगुती वादात मामाला बोलावण्याची आपल्याकडे रीतच आहे. तसे माझ्या भाच्याने मला बोलावले. त्या निमित्ताने जे ध्यानात आले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

भाचा पुण्यात नोकरीला. घरी बायको, शाळकरी मुलगी आणि आई, म्हणजे माझी थोरली बहीण. गाव चिपळूणकडे. "मामा, डिकीवालीच घ्यायची," तो म्हणाला. "वर्षातून तीनदा गावी जातो. तांदूळ असतात, आंबे असतात. शिवाय चार लोकांत बरं दिसतं."

हे 'बरं दिसतं' कोठून आले ते पाहा. ज्यांनी अँबॅसॅडर आणि प्रीमियर पद्मिनी पाहिली, त्यांच्या मनात गाडी म्हणजे पुढे इंजिन, मध्ये माणसे आणि मागे डिकी. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली ती शेपूट कापूनच. किती तरी मध्यमवर्गीय घरांतली पहिली गाडी तीच. पण 'पुढची गाडी मात्र डिकीवाली' ही इच्छा मनात राहून गेली.

मग आले २००६ सालचे अंदाजपत्रक. सरकारने लहान गाड्यांवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. लहान म्हणजे कोणती? तर लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिनही ठरलेल्या मापाच्या आत. झाले! कारखानदारांनी कात्री घेतली. टाटांची इंडिगो सीएस २००८ साली याच मापात आली. मारुतीची पहिली डिझायर ४१६० मिलिमीटर लांब होती, तिची डिकी ४४० लिटरची. २०१२ साली तीच गाडी ३९९५ मिलिमीटरची झाली आणि डिकी उरली ३१६ लिटरची. थोडक्यात, कॉम्पॅक्ट सेडान म्हणजे कापड पाहून बेतलेला सदरा! सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले, तेव्हाही चार मीटरची रेघ कायम राहिली. मात्र हॅचबॅकही त्या रेघेच्या आतच असल्यामुळे कराच्या बाबतीत दोघी सख्ख्या बहिणी.

आता २०२४ सालच्या नव्या स्विफ्ट आणि डिझायरचे आकडे घेऊ, कारण या दोन्ही एकाच घरातल्या. स्विफ्ट ३८६० मिलिमीटर लांब, डिझायर ३९९५. फरक वीतभरसुद्धा नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर दोघींचे सारखेच, २४५० मिलिमीटर. सामानाची जागा मात्र एकीची २६५ लिटर, दुसरीची ३८२. भाच्याने हे आकडे मला विजयी मुद्रेने वाचून दाखवले.

मी म्हटले, "अरे, हंडा मोठा आहे, पण त्याचं तोंड पाहिलंस का?" सेडानच्या डिकीचे झाकण आखूड असते. आत जागा पुष्कळ, पण एखादे उंच खोके तोंडाशीच अडते. हॅचबॅकचे दार काचेसकट वर जाते आणि मागचे आसन दुमडले की शिवणयंत्रसुद्धा आत जाते. पण आसन दुमडले तर तेथे माणूस बसत नाही, हेही लक्षात असू द्या.

डिकीची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. डिकीतले सामान माणसांपासून वेगळे राहते. गावाहून सुकट आणलीत तर तिचा दरवळ पुण्यापर्यंत तुमच्या सोबतीला बसत नाही. त्याहून महत्त्वाचे असे की, हॅचबॅकमध्ये आसनाच्या पाठीपेक्षा उंच सामान रचले आणि घाटात एकदम ब्रेक दाबावा लागला, तर वरचा नारळ थेट मागे बसलेल्या पोरीच्या डोक्यावर येतो. तेव्हा आसनाच्या पाठीवर सामान जाऊ द्यायचे नाही, हा नियमच समजा. उलट पावसाळ्यात हॅचबॅकच्या मागच्या काचेवर चिखल फार उडतो. तिला पुसणी आहे की नाही ते विचारून घ्या. आणि सीएनजीची गाडी घेणार असाल तर टाकी बसवल्यावर सामानाला जागा किती उरते ते डोळ्यांनी पाहा. छापील लिटर तेथे कामाचे नाहीत.

एवढे सगळे झाले, तरी भाचा डिकीवरच अडून होता. म्हणून मी म्हटले, "ताईला घेऊन दुकानात जाऊ." ताई म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं? कुठलीही घ्या." पण आली.

सेडानचे छत मागे उतरते असते, हे मी ऐकून होतो. तेथे ते प्रत्यक्ष पाहिले. गुडघे धरून ताई मागच्या आसनावर बसायला वाकली आणि दाराच्या वरच्या कडेला तिचे डोके लागले. ती काही बोलली नाही. पदर सारखा करण्याच्या निमित्ताने तिने हळूच डोके चोळले आणि म्हणाली, "छान आहे रे." विक्रेता आकडे सांगत होता, भाचा ऐकत होता. मग तिला शेजारच्या हॅचबॅकमध्ये बसवले. तिचे दार वर जरा उंच होते. ताई बसली, उतरली आणि आपणहून पुन्हा एकदा बसली.

परतताना मी भाच्याला विचारले, "आई गेल्या वर्षी गावी कितीदा आली?" तो गप्प झाला. एकदाच आली होती. दर वेळी ती म्हणे, "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते." हा घर सांभाळण्याचा भाग किती आणि गाडीत चढण्याउतरण्याच्या संकोचाचा किती, हे आम्ही कोणी विचारलेच नव्हते.

भाच्याने हॅचबॅक घेतली. आंब्याच्या पेट्या आता दोनच येतात, त्यावरून सून थोडी कुरकुरते. पण मागच्या आसनावर ताई असते.

म्हणून सगळ्यांनी हॅचबॅकच घ्यावी असे माझे म्हणणे नाही. सगळ्याच सेडान सारख्या नसतात आणि सगळ्या घरांत ताई नसते. घरात माणसे कमी आणि बॅगा फार, किंवा रोजचा लांबचा प्रवास, तर डिकी खुशाल घ्या. फक्त पैसे भरण्यापूर्वी दोन गोष्टी करा. घरातले सर्वांत मोठे खोके बरोबर न्या आणि आत बसवून पाहा. आणि घरातल्या सर्वांत वडील माणसाला मागे बसवून पाहा. ते माणूस 'छान आहे' म्हणेलच. तुम्ही शब्द ऐकू नका. ते उतरताना कशाला धरते, तेवढे पाहा.