कोऱ्या जागेखालची सही

(गणेशोत्सवातील भाषण)



तरुणांना अनुभवाच्या चार गोष्टी सांगा, असा निरोप आला. आम्हा दोघा भावांकडे अनुभव म्हणजे मुख्यतः फसगत, तेव्हा तीच सांगतो.

१९८४ साली आम्ही इंदुरात नुकते नोकरीला लागलो होतो. रामबागेतला एक मित्र रोज संध्याकाळी घरी येई, आईच्या हातचं थालीपीठ खाई. आईला तो आमच्याहून गुणी वाटे. त्याला छापखाना काढायचा होता. पतपेढीचं दहा हजारांचं कर्ज, दोन जामीनदार हवेत. "नुसती सही रे," तो म्हणाला. राजवाड्यासमोर कचोरी खाता खाता आम्ही सह्या ठोकल्या. रकमेची जागा कोरी होती, हे नंतर आठवलं.

वर्षभरात छापखान्याला कुलूप आणि मित्र बेपत्ता. नोटीस आली ती थेट कचेरीत, साहेबांच्या टेबलावर. रक्कम २५,०००!

"कर्ज त्याचं, आधी त्याला धरा," असं आम्ही म्हणत राहिलो. नात्यातल्या वकीलकाकांनी १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ काढून दाखवलं: करारात वेगळं लिहिलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. जागा कोरी होती म्हणता, पण सिद्ध कसं करणार? भरलेले पैसे कलम १४५ प्रमाणे मित्राकडून वसूल करता येतात, असंही ते म्हणाले. छान. पण त्याचा पत्ता कुठे होता?

पुढची चार वर्षं पगारातून हप्ते कापले गेले. थोरल्याचं लग्न लांबलं. आईने पाटल्या मोडल्या आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं. थालीपीठ मात्र घरात कित्येक महिने झालं नाही.

त्याचा राग आता फारसा येत नाही. "वाचून सही करतो" म्हणायची लाज वाटली ती आम्हाला. मित्राने दिलेला कागद वाचणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं, असं मानण्याचं ते वय होतं.

गेल्या वर्षी भाचा असाच कागद घेऊन आला. आम्ही चष्मे लावून तीनदा वाचला. रकमेचा आकडा होता, अक्षरीही होता. धाकट्याने सही केली, थोरल्याने नाही. त्यावरून आमची कुरबुर अजून चालू आहे. आज इथेही आम्ही वेगवेगळ्या रिक्षांनी आलो.