नव्या जातीला नुसता फोटो पुरत नाही



अध्यक्षीय भाषणात विषयाचा समग्र आढावा घ्यावा, अशी रीत आहे. ती मोडून मी एकाच प्राण्याविषयी बोलणार आहे. समुद्रातला चपटा कृमी, पॉलिक्लॅड. याला ना गुदद्वार, ना रक्तवाहिन्या. आपल्या पाठ्यपुस्तकांत चपट्या कृमींच्या संघातले पट्टकृमी आणि यकृतकृमीच मानाने येतात, कारण त्यांच्यावर रोगाचा प्रश्न काढता येतो. प्रवाळांवरून झालर हलवत पोहणारे त्यांचे रंगीत भाऊबंद एका ओळीत उरकतात.

आर्नोल्ड लांग यांनी १८८४ साली नेपल्सच्या आखातातल्या पॉलिक्लॅडांवर ग्रंथ लिहिला. पोटाकडे चूषक असलेले आणि नसलेले, ही त्यांची मुख्य विभागणी आजही वापरात आहे. पण एक अडचण बरीच वर्षे सुटली नाही. फॉर्मॅलिनमध्ये टाकताच हा प्राणी आक्रसतो, कधी हाताळतानाच विरघळतो, आणि उरलेल्याचा रंग उडतो. त्यामुळे संग्रहालयातल्या बरण्यांत रंगहीन नावे साठली आणि पाणबुड्यांच्या कॅमेऱ्यांत बिननावाचे रंग. ऑस्ट्रेलियात लेस्ली न्यूमन आणि लेस्टर कॅनन यांनी १९९०च्या दशकात तोडगा काढला. आधी जिवंतपणी छायाचित्र, मग कृमीला हळूच कागदावर घेऊन गोठवलेल्या फॉर्मॅलिनवर ठेवणे. प्राणी सपाट राहतो, नक्षीही टिकते. तोडगा साधाच, पण ग्रेट बॅरियर रीफवरच्या कितीतरी नव्या जातींची वर्णने त्यामुळे नीट होऊ शकली.

तरीही रंगावर विसंबता येत नाही. स्यूडोसेरॉस या प्रजातीत नर जननछिद्र एक, स्यूडोबायसेरॉसमध्ये दोन. वरून पाहून हे कळायचे नाही. काही कृमी तर समुद्री गोगलगायींचे हुबेहूब सोंग घेतात. म्हणून नमुना मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, मायक्रोटोमवर काही मायक्रॉन जाडीचे काप क्रमाने घ्यायचे, रंगवायचे आणि एकेक पाहत जननसंस्था मनात पुन्हा उभी करायची. कंटाळवाणे काम आहे, मान्य. १९८०च्या दशकात फाउबेल आणि प्रुडो यांनी शरीररचनेवरूनच दोन वेगळी वर्गीकरणे मांडली. अलीकडच्या डीएनए अभ्यासांनी दोघांपैकी कोणालाच पूर्ण कौल दिला नाही. मात्र डीएनएचा क्रम नेमका कोणाचा, हे ठरवायलाही नीट ओळखलेला नमुना लागतोच.

आपल्याकडे लक्षद्वीप-मालदीवच्या पॉलिक्लॅडांवर लेडलॉ यांनी १९०२ साली लिहिले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) अभ्यासकांनी २०११ साली लक्षद्वीपमधून नव्या नोंदी दिल्या. आज मुंबईत ओहोटीच्या वेळी खडकांवर फिरणारे हौशी लोक सुंदर फोटो काढतात. त्यांना नाके मुरडणारे प्राध्यापक मला मुळीच आवडत नाहीत. शोधाची सुरुवात तिथूनच होते. पण नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार २००० सालापासून नवी जाती जाहीर करताना नामधारक नमुना स्पष्ट नेमावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात आहे, तेही सांगावे लागते. तो भाग आपला आहे.

म्हणून प्रत्येक विभागप्रमुखाला माझी विनंती आहे. प्रयोगशाळेत झाकून ठेवलेला मायक्रोटोम असेल, तर याच सत्रात बाहेर काढा, त्याला धार लावलेले पाते बसवा आणि निदान एका विद्यार्थ्याला सलग काप घ्यायला शिकवा.