विषाची प्रतवारी आणि माणसांची



रसायनांच्या पिंपांवर लाल काठाचे चौकोन चिकटविलेले असतात. एकात कवटी, दुसऱ्यात ज्वाला, तिसऱ्यात उद्गारचिन्ह. ही चित्रे म्हणजे तज्ज्ञांची खूणभाषा, असा समज कामगार चळवळीतही रूढ आहे. वेतन, बोनस, कामाचे तास यांची मागणीपत्रे ज्या तडफेने तयार होतात, त्या तडफेने कारखान्यात येणाऱ्या द्रव्याची प्रत कोणती, ती कोणी ठरविली आणि ठरविताना काय वगळले, हे प्रश्न विचारले जात नाहीत. वर्गीकरण हे शास्त्र आहे खरे. परंतु त्याचा वापर ही सत्तेची बाब आहे, आणि हे भोपाळइतके स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्याही घटनेने दाखविलेले नाही.

वर्गीकरण होते कसे, ते प्रथम पाहणे आवश्यक आहे. प्रयोगशाळेतील निम्मे प्राणी ज्या मात्रेने मरतात, ती मात्रा मोजली जाते व तिच्यावरून द्रव्याला पायरी दिली जाते. भारतात १९८९ साली घातक रसायनांच्या उत्पादन, साठवण व आयातीसंबंधीचे नियम पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली आले. त्यांतील उतरंडीत सर्वांत वरची पायरी आहे ‘आत्यंतिक विषारी’ द्रव्यांची: श्वासावाटे जाणाऱ्या द्रव्याची ही मारक मात्रा लिटरभर हवेत अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षाही कमी असली, की ते द्रव्य तेथे बसते. संयुक्त राष्ट्रांनी २००३ साली जगभरासाठी एकच वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध केली. लाल काठाचे चौकोन तिचेच. तिने देशोदेशींचा गोंधळ बराच कमी केला, हे मान्य केले पाहिजे.

आता मिथिल आयसोसायनेट या द्रव्याकडे वळावे. कार्बारिल नावाचे कीटकनाशक तयार करताना मधल्या टप्प्यावर लागणारा हा पातळ द्रव सुमारे ३९ अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणजे भोपाळच्या उन्हाळ्यात उघड्यावर ठेवला तर आपोआप वाफ होईल असा. त्याची वाफ हवेच्या जवळजवळ दुप्पट जड; ती वर न जाता जमिनीलगत पसरते व झोपड्यांत शिरते. जर्मनीत १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हवेच्या दहा लाख भागांत पाच भाग इतक्या प्रमाणात चार तास ठेवलेले निम्मे उंदीर मेले. वजनाच्या हिशेबाने हे प्रमाण ‘आत्यंतिक विषारी’ या रेषेच्याही सुमारे चाळीस पट खाली येते. त्याच अभ्यासात माणसांवरही पाहणी झाली होती: दहा लाखांत दोन भागांना डोळ्यांतून पाणी येऊ लागते, मात्र वास येत नाही. कामाच्या जागेची स्वीकृत मर्यादा दहा लाखांत ०.०२ भाग. म्हणजे नाकाला काही कळण्यापूर्वीच मर्यादा शंभर पट ओलांडलेली असते. हे सारे दुर्घटनेपूर्वी वीस वर्षे छापील स्वरूपात उपलब्ध होते.

या द्रव्याचे आज जे वर्गीकरण होते त्यात अत्यंत ज्वालाग्राही, श्वासावाटे गेल्यास प्राणघातक, डोळ्यांना गंभीर इजा करणारे, दमा उत्पन्न करू शकणारे, गर्भाला अपाय होण्याचा संशय असलेले, अशी नोंदींची मालिकाच आहे. तीत एक उणीव मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. पाण्याशी संबंध आल्यावर ज्वालाग्राही वायू सोडणाऱ्या द्रव्यांसाठी जागतिक पद्धतीत स्वतंत्र वर्ग आहे. मिथिल आयसोसायनेट पाण्याशी भेटले की कार्बन डायऑक्साइड आणि प्रचंड उष्णता निर्माण होते. कार्बन डायऑक्साइड जळत नाही, म्हणून ते त्या वर्गात बसत नाही. अमेरिकेतील अग्निसंरक्षण संघटनेच्या जुन्या चौकोनी चिन्हात मात्र पाण्याविषयीच्या इशाऱ्याची स्वतंत्र खूण या द्रव्यापुढे आहे. आणि २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीत जे शिरले ते पाणीच होते.

टाकीत सुमारे ४२ टन द्रव होता. तो शून्य अंशाच्या आसपास ठेवावयाचा. परंतु शीतकरण यंत्रणा त्याच वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस बंद करण्यात आली होती. निसटलेला वायू धुऊन निष्प्रभ करणारी यंत्रणा राखीव अवस्थेत ठेवलेली होती, आणि तो जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी जोडणीतून सुटलेला. उष्णता वाढली, दाब वाढला, झडप उघडली. ही यंत्रांची कथा पुष्कळांनी सांगितली आहे. येथे ती लांबविण्याचे कारण नाही.

जे कमी सांगितले जाते ते साठ्याविषयी. १९८९ च्या नियमांनी प्रत्येक घातक द्रव्यापुढे एक परिमाण लिहिले. तेवढा साठा असला की कारखान्यावर विशेष जबाबदाऱ्या येतात. मिथिल आयसोसायनेटपुढचा आकडा आहे १५० किलो. भोपाळच्या एका टाकीत त्याच्या २८० पट साठा होता. हे द्रव्य न साठविता, तयार होताच वापरून टाकता येते; इतकेच नव्हे, तर ते मध्ये न आणता कार्बारिल तयार करण्याची रीतही ज्ञात होती. पिंपावरची कवटी एक किलोसाठी तीच आणि चाळीस टनांसाठीही तीच असते. किती साठवायचे हा निर्णय मात्र प्रयोगशाळेत होत नाही. तो संचालक मंडळाच्या खोलीत, खर्च आणि नफ्याच्या ताळेबंदावर होतो.

विशाखापट्टणमचे उदाहरण याच्या उलट बाजूने पाहावे. ७ मे २०२० च्या पहाटे तेथील एका प्लास्टिक कारखान्यातून स्टायरीन निसटले व बारा माणसे मरण पावली. स्टायरीनचे वर्गीकरण काय सांगते? श्वासावाटे ‘अपायकारक’, तीव्र विषाच्या उतरंडीत चौथी पायरी, कवटी नव्हे तर उद्गारचिन्ह. उत्कलनबिंदू १४५ अंश. कागदावर हे द्रव्य मिथिल आयसोसायनेटच्या शेजारीही बसू शकत नाही. परंतु टाळेबंदीच्या काळात प्रचंड साठा पडून राहिला, तापमान आणि अवरोधक द्रव्य यांची देखभाल ढिली पडली, द्रव आतल्या आत घट्ट होत तापत गेला आणि वाफ झाली. सौम्य पायरीच्या द्रव्याने झोपेतली माणसे मेली. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये झालेल्या स्फोटांनी हाच प्रश्न महाराष्ट्राच्या दारात आणून ठेवला आहे. घरांना लागून उभ्या असलेल्या त्या कारखान्यांत कोणते द्रव्य किती, हे शेजारच्या इमारतींतील रहिवाशांना स्फोटानंतर वर्तमानपत्रांतून कळते.

भोपाळला तर तेही कळले नाही. सुरक्षेच्या पुस्तिका इंग्रजीत होत्या. त्या हाताळणाऱ्या अनेकांना इंग्रजी वाचता येत नव्हते. १९८१ च्या डिसेंबरात तेथे फॉस्जिनने एका कामगाराचा बळी घेतला होता. १९८२ च्या मे महिन्यात कंपनीच्याच अमेरिकी तपासणी पथकाने गंभीर उणिवा नोंदविल्या. त्याच वर्षी राजकुमार केसवानी या तरुण पत्रकाराने आपल्या ‘रपट’ या छोट्या साप्ताहिकातून शहराला सावध करण्याचा प्रयत्न केला. सरकारने त्याची दखल घेतली नाही. दुर्घटनेच्या रात्री बाहेरच्या वस्तीसाठीचा भोंगा काही मिनिटांतच बंद करण्यात आला. माणसे पळत सुटली. धापा टाकताना अधिकच विष छातीत गेले. तोंडावर ओले फडके धरा, एवढी साधी सूचना अगोदर पोहोचली असती तरी काही जीव वाचले असते. आणि हमीदिया रुग्णालयात रोगी येऊन कोसळत असताना, हा वायू चुरचुरविणारा आहे, प्राणघातक नव्हे, असे कंपनीच्या वतीने सांगण्यात आले. दहा लाखांत पाच भागांनी मारणारे द्रव्य एका वाक्यात खालच्या पायरीवर उतरविण्यात आले, तेही डॉक्टरांना सत्याची सर्वाधिक गरज होती त्या घटकेला.

विषाची प्रतवारी अशी बदलता आली. माणसांची मात्र एकदा झाली ती पक्की झाली. १९८९ साली ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. त्यानंतर दावेदारांना तात्पुरती इजा, अंशतः इजा, कायमची इजा अशा खणांत बसविण्याचे काम वर्षानुवर्षे चालले. मध्य प्रदेश शासनाने २००६ साली दिलेल्या आकड्यांनुसार बाधित ५,५८,१२५. त्यांत गंभीर व कायमची इजा झालेले सुमारे ३,९०० एवढेच. ज्या द्रव्याच्या नोंदीत दमा आणि गर्भावरील संशय दोन्ही आहेत, त्याच्या बळींपैकी बहुसंख्य माणसे सर्वांत स्वस्त खणात पडली. वाढीव भरपाईसाठीचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळला.

भोपाळच्या धक्क्याने १९८७ साली कारखाना अधिनियमात नवी कलमे आली. धोक्याची माहिती कामगारांना व परिसरातील लोकांना देणे मालकावर बंधनकारक झाले. तातडीचा धोका दिसल्यास इशारा देण्याचा हक्क कामगाराला मिळाला. आणि घातक द्रव्ये वापरणाऱ्या प्रत्येक कारखान्यात कामगार व व्यवस्थापन यांच्या समान प्रतिनिधित्वाची सुरक्षा समिती सक्तीची झाली. २०२० साली संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत इशाऱ्याचा हक्क शिल्लक आहे. सुरक्षा समितीविषयी मात्र शब्द बदलले आहेत: ‘प्रत्येक कारखान्यात’ ही सक्ती जाऊन शासन आदेशाने ‘सांगू शकेल’ त्या आस्थापनांत, अशी रचना आली आहे. वर्तमानपत्रांनी या एका क्रियापदावर फारशी शाई खर्च केली नाही. हजारो माणसांच्या मृत्यूनंतर मिळालेली सक्ती तेवढ्यानेच शासनाच्या मर्जीवर गेली.

तरीही हाताशी काहीच नाही, असे नव्हे. रासायनिक अपघातांसंबंधीचे १९९६ चे नियम थोड्याच कार्यकर्त्यांनी पाहिले असतील. त्यांनुसार औद्योगिक क्षेत्रासाठी स्थानिक आपत्ती गट असावयाचा. प्रांताधिकारी अध्यक्ष, आणि सभासदांत कारखाना निरीक्षक, अग्निशमन अधिकारी, डॉक्टर, एवढेच काय, स्थानिक वृत्तपत्राचा संपादक आणि गावचा सरपंच यांनाही जागा आहे. या गटाने महिन्यातून एकदा भरावयाचे आहे, आणि मागणाऱ्या नागरिकाला माहिती द्यावयाची आहे. तळोजा, तारापूर, लोटे, महाड येथील पक्षशाखांनी प्रांत कचेरीत लेखी अर्ज करून तीन गोष्टी मागाव्यात: गटाच्या शेवटच्या बारा बैठकांची इतिवृत्ते, प्रत्येक कारखान्यातील घातक द्रव्यांची नावे साठ्याच्या टनांसह, आणि वस्तीला द्यावयाच्या सूचनांची मराठी प्रत. वसाहतीत परप्रांतीय कंत्राटी कामगार राहत असतील, तेथे ती हिंदीतही मागावी.