आधी गाडीनं चढावं

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘पादचारी सुरक्षा : संशोधन आणि नियोजन’. त्यावर बोलेनच. पण मला खरं एकच सांगायचंय : फाटकापाशी माणसानं उतरायचं नाही, गाडीनं चढायचं. (हशा) हसा. हे सुरू केलं की घरचे आता उठून आतल्या खोलीत जातात. तुम्हाला ती सोय नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांचा अभ्यास करणारा नगररचनाकार अ‍ॅपलयार्ड, रहदारी वाढली की शेजारपाजार आटतो हे त्यानं दाखवलं, ते सगळं आपल्याला ठाऊक आहेच. २०२२मध्ये देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली, त्यातला साधारण पाचातला एक पायी चालणारा. तेही पेपरात वाचलंत.

तर फाटक. आईचा गुडघा बदलला. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. घरापासून मंडईपर्यंत पदपथ आहे, नवाकोरा, पेव्हर ब्लॉकचा. आणि आमच्या मातोश्री पहिल्याच दिवशी तो सोडून रस्त्याच्या कडेनं निघाल्या! मी ओरडलो. ती म्हणाली, “तू मोज, मग बोल.”

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेलो. पानवाल्याला वाटलं अतिक्रमणवाले आले, त्यानं बरण्या आत घेतल्या. सोसायट्यांची, दुकानांची मिळून फाटकं चौदा. प्रत्येक ठिकाणी पदपथ तुटतो. उतरा, चार पावलं चाला, परत चढा. कडेची उंची सरासरी २२ सेंटिमीटर. इंडियन रोड्स काँग्रेसची २०१२ची पुस्तिका १५च्या वर जाऊ नका म्हणते. चौदा गुणिले बावीस करा. तीन मीटर! म्हणजे म्हातारीनं एक मजला चढायचा, एक मजला उतरायचा आणि मग मेथीची जुडी घ्यायची. वर आपण म्हणायचं, लोकांना शिस्त नाही, फुटपाथ असून रस्त्यावरून चालतात.

कोपनहेगनमध्ये गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते तिथं बऱ्याच ठिकाणी पदपथ न तुटता सपाट पुढे जातो. गाडीनं चढायचं, दबकत पलीकडे जायचं. वेग आपोआप पडतो, पाटी लावावी लागत नाही. आणि वेग पडणं म्हणजे काय? तीसची गाडी पन्नासवर गेली की धडकेतली ऊर्जा पावणेतीनपट होते.

(श्रोत्यांतून : बंपर घासतील!) उतार नीट दिला तर नाही घासणार. आणि घासलाच तर बंपर बदलता येतो. गुडघाही येतो म्हणा, पण ते बिल मी भरलंय. (हशा) नाही, मी गाडीच्या विरोधात नाही. मीही गाडीनंच आलोय.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? अहो, सिग्नल राहिलाच की! पळत सांगतो. २०१२मध्ये इंग्लंडमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पासष्टीच्या पुढच्या तीन हजारांवर लोकांची चाल मोजली होती. तिथला सिग्नल तेव्हा सेकंदाला १.२ मीटर चाल धरायचा. पुरुष भरले सरासरी ०.९, बायका ०.८. बारा मीटरच्या रस्त्याला सिग्नल देणार दहा सेकंद, आजीला लागणार पंधरा. ती पाच सेकंदं आजी कुठं असते? रस्त्यात. आता आपल्याकडे...

आणखी चिठ्ठी? ही वेळेची नाही. ‘बाहेर पदपथावर पांढरी मोटार लावली आहे, लोकांना जाता येत नाही.’

पांढरी लिहिलंय ना? मग माझी नाही.